पट्टा कवा घातलेला?

साताऱ्यातल्या आमच्या दवाखान्याच्या धुलाईघरात कपडे वाळवायची मशीन बंद पडली, म्हणून पलूसकडचा एक म्हातारा मेकॅनिक आला. त्यानं आतला ड्रम हातानं फिरवला, तर तो नुसताच सैल फिरत राहिला.

"मोटार चांगली हाय. पट्टा झिजून तुटलाय. कवा घातलेला, ताई?"

ओल्या चादरी उपसून मी पार दमले होते. "दिवाळीपासनं. डॉक्टर म्हणाले, काढायचाच न्हाई."

तो मशीनचं विचारत होता, हे मागाहून ध्यानात आलं. तो हसला नाही. त्यानं शर्ट वर केला. त्याच्याही कमरेला माझ्यासारखाच पट्टा होता.

नवा पट्टा चढवून तो भिंतीला धरून उठला.

"हिचं बरं हाय, ताई. पट्टा तुटला की हिला बंद ठेवत्यात. आपल्याला पट्टा बांधून चालू ठेवत्यात."