अर्थिंगला पाजलेल्या बादल्या

सांगते, पण हसायचे ते चहा संपल्यावर. मी जुनी मॅट्रिक, आणि शास्त्र विषयात वर्गात पहिली! हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे ऐकून कोणाचाही विश्वास बसणार नाही.

दुष्काळाची वर्षे होती. मुकुंदवाडीकडच्या आमच्या कॉलनीत नळाला आठव्या दिवशी पाणी येई. शहर मात्र वाढतच होते. चहूकडे इमारतींची कामे, दारातला रस्ता खणलेला. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहावे, इतकी धूळ! म्हणून आमच्या घरी मिक्सरपासून टीव्हीपर्यंत कोणीही उघडे बसत नसे. प्रत्येकाला मी शिवलेली खोळ.

सिल्लोडला माझी थोरली बहीण, अक्का. तिचे सहस्रचंद्रदर्शन दोन महिन्यांवर आले होते आणि दृष्टी अधू होत चालली होती. आमच्या आईचा एकच फोटो उरला आहे, तोही डागाळलेला. अक्काला दिसते आहे तोवर आईचा चेहरा स्वच्छ करून दाखवायचा, हा माझा निश्चय. फोटो सुधारण्याचे सॉफ्टवेअर नातीने घरच्या संगणकावर शिकवून ठेवले होते.

पण आईचा डावा डोळा सुधारायला घेतला, की पडद्यावर हिरवे चौकोन! प्रत्यक्ष आईच्या कपाळावर! मग 'ग्राफिक्स कार्डात अडचण आहे' असा निरोप, आणि सारे बंद.

दुरुस्तीला सलीमभाई येत. पाण्याच्या दिवशी घर सोडून कोण कुठे जाणार? म्हणून मी त्यांना त्याच दिवशी बोलावी. आणि ते आले, की यंत्र एकदम शहाणे!

"काकू, कार्डाचा ड्रायव्हर नवा टाकला. मशीन फस्क्लास हाय."

"मग काल काय झाले होते त्याला?"

"काल मी नव्हतो ना!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवे चौकोन.

मी वही घातली. वार, वेळ, लक्षण. महिन्याने वही चाळली आणि अंगावर काटा आला. यंत्र फक्त पाण्याच्या दिवशी बिनतक्रार चालत होते!

आता शास्त्र आठवा. विजेची अर्थिंगची तार अंगणातल्या खड्ड्यात पुरलेली असते, आणि माती ओली असेल तरच ती नीट काम करते. पाण्याच्या दिवशी पिंपे भरताना अंगणात पाणी सांडते, माती भिजते. एरवी कोरडी ठणठणीत. सिद्ध झाले की नाही?

मी रोज एक बादली त्या खड्ड्यात ओतू लागले. शेजारच्या बाईंनाही उभे करून समजावले. त्याही आपल्या फ्रिजसाठी ओतू लागल्या! हिरवे चौकोन तरी येतच होते, पण माती फार दिवसांची तहानलेली, एकदोन बादल्यांनी तिचे काय होणार?

सुनेने मला पकडलेच.

"आई! पिंप अर्ध्यावर कसं आलं?"

"अर्थिंगला पाणी पाजते आहे."

"काय? मी लेकरांना दोन तांब्यांत आंघोळ घालते, अन् तुम्ही खड्ड्याला बादली देता?"

"नीता, हे शास्त्र आहे. तुला नाही कळायचे."

कार्यक्रम चार दिवसांवर आला. डोळा अजून अर्धाच, पाण्याचा दिवस दूर. मी सलीमभाईंना तातडीने बोलावले. ते खोलीत शिरले आणि जागीच थबकले.

टेबलाखाली संगणकाचा खोका होता. त्यावर जाड, गोधडीसारखी, भरतकामाची खोळ. मागे सहा बंदांनी आवळलेली, पुढे फक्त बटणापुरते काज.

"काकू... ह्ये काय घातलंय?"

"खोळ. पाण्याच्या दिवशी न चुकता धुते हो मी! तुम्ही येता तेव्हा दोरीवर वाळत असते, म्हणून पाहिली नाहीत."

त्यांनी खोक्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"या अल्ला! तवा झालाय तवा! आतलं कार्ड भाजून निघतंय. मे महिन्यात कुणी दुलई पांघरून पळतं का, काकू?"

मी खाली बसले. म्हणजे पाण्याच्या दिवशी माती भिजत होती म्हणून नव्हे, तर... अरे देवा! दारात सून उभी होती. ती अंगणातल्या बादलीकडे पाहत राहिली. ते बोलण्याहून वाईट!

खोळ उतरली आणि दोन दिवसांत फोटो लख्ख झाला. समारंभात मी तो अक्काच्या हातात दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, कितीतरी वेळ पाहिला, पदराने डोळे टिपले.

मग मान वर करून म्हणाली, "अगदी हीच नजर गं! आई तुझ्याकडे अशीच बघायची. खरं सांग, या खेपेला काय करून ठेवलंस?"