वायरकाकांची पहिली प्रार्थना

कॉलेजच्या ख्रिस्ती विद्यार्थी फेलोशिपची एक जुनी गाडी होती, आणि त्या गाडीचा गिअर अडला की तिचे ड्रायव्हरकाका त्याच्याशी असं काही बोलत, की पहिल्या वर्षाच्या मुली कानात बोटं घालत. शिव्या नव्हेत. काका चर्चच्या मंडळीतले माणूस, शिवी तोंडात येणं शक्य नाही. पण गिअरच्या सात पिढ्यांचा उद्धार ते चांगल्या ख्रिस्ती शब्दांत करत, न थांबता, दहा-दहा मिनिटं. आणि हाच माणूस देवापुढे उभा राहिला की त्याची दातखीळ बसायची.

चौदा वर्षं काका ही गाडी चालवत होते. दर सुट्टीत विद्यार्थ्यांची मिशन ट्रिप निघे: कुठल्या तरी लांबच्या शाळेत जायचं, कुंपण रंगवायचं, मुलांना गाणी शिकवायची, मोज्यांच्या बाहुल्यांचा खेळ करायचा आणि उठता-बसता प्रार्थना. गाडी निघण्याआधी प्रार्थना, पोहोचल्यावर प्रार्थना, पंक्चर काढण्याआधी आणि काढल्यावर. प्रार्थनेला माझी ना नाही. पण या पोरांनी तिलाही नियम लावून ठेवले होते. सगळ्यांनी गोल करायचा, हात धरायचे, डोळे मिटायचे. जो सुरुवात करेल त्यानेच शेवटी आमेन म्हणायचं, दुसऱ्या कुणी नाही. मधल्यांनी एकेक करून मोठ्याने प्रार्थना करायची आणि आपली झाली की शेजारच्याचा हात दाबायचा, म्हणजे त्याची पाळी. ज्याला बोलायचं नसेल त्याने गुपचूप पुढचा हात दाबून मोकळं व्हावं. आणि काही झालं तरी गोल तुटता कामा नये.

गुपचूप हात दाबायची ही सवलत काय ती काकांनीच वापरली. उजवा हात दाबला जायच्या आत त्यांचा डावा हात दाबून मोकळा. मध्ये श्वास घ्यायलासुद्धा जागा नाही. म्हणून पोरांनी त्यांचं नाव ठेवलं वायरकाका. इकडून करंट आला की तिकडून गेला. काकांना मात्र वाटे, आपण गाडीची वायरिंग फार छान करतो, त्याचं हे कौतुक आहे. कुणी त्यांचा गैरसमज दूर केला नाही, आणि बरं केलं.

घरी बोलायचं काम त्यांच्या बायकोचं होतं. मुलीची परीक्षा असो, दात काढायचा असो, पहिली नोकरी असो. आई दारातच तिच्या डोक्यावर हात ठेवून खणखणीत आवाजात प्रार्थना करायची आणि काका मागे उभे राहून चप्पल घालायचे. तीन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून दारातली प्रार्थना बंद होती. लेक डोकं पुढे करायची, काका त्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "रिक्षा मीटरनेच कर."

आता त्याच लेकीचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं आणि तिने बापाला निक्षून सांगितलं होतं, "बाबा, त्या दिवशी घरातून निघताना तुम्हीच प्रार्थना करायची. मोठ्याने. चर्चचे पाळकसाहेब नकोत, मामा नको. नाही केलीत तर मी उंबरा ओलांडणार नाही."

"अगं, सगळे चर्चमध्ये वाट बघत असतील."

"बघू देत."

ती खरंच ओलांडणार नाही, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. पोरगी आईवर गेली होती. ती सहा वर्षांची असताना एकदा बाहुलीसाठी दुकानाच्या पायरीवर बसली होती, ती दुकान बंद व्हायच्या वेळेलाच उठली, तेही बाहुली घेऊन.

तर काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कागद-पेन घेऊन प्रार्थना लिहायचा घाट घातला. पण तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी रजेच्या अर्जाखेरीज काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ती अशी उतरली: "माननीय प्रभू यांस, विषय: मुलीच्या लग्नास आशीर्वाद मिळणेबाबत. वरील विषयास अनुसरून विनंती की..." खाली सहीसुद्धा केली. मग स्वतःच वाचून त्यांना घाम फुटला. लग्नाआधी एक मिशन ट्रिप होती. तीन दिवस, निदान वीस प्रार्थना. एकदा तरी चार शब्द मोठ्याने बोलून बघू, सवय होईल, असं ठरवून ते निघाले.

गाडीत पुढच्या सीटवर चष्मेवाली बसली होती. दुसऱ्या वर्षाची, अतिशय मायाळू आणि त्यामुळे अतिशय धोकादायक मुलगी. तिने विचारलं, "काका, आज गप्प गप्प?"

"बारा दिवसांवर लेकीचं लग्न आलंय. झोप उडालीय माझी," काका म्हणाले. एवढंच. पण चष्मेवालीने ते मनाच्या वहीत जपून ठेवलं.

ट्रिपची प्रमुख होती शेवटच्या वर्षाची एक उंच मुलगी. गळ्यात शिट्टी आणि हातात यादी, म्हणून कॅप्टन. तिच्या हाताखाली अठराजणांनी दोन दिवसांत शाळेचं कुंपण निळं केलं. गेल्या वर्षीच्या तुकडीने ते हिरवं केलं होतं, त्याआधीच्या पिवळं. शाळेच्या मोठ्या बाईंनी एकदा दबक्या आवाजात सांगून पाहिलं, की कुंपण तसं बरं आहे, गळतं ते छप्पर. पण यादीत कुंपण लिहिलेलं होतं. बाहुल्यांच्या खेळाचीही तीच गत. योना आणि मोठा मासा ही बायबलातली गोष्ट, माशाने गिळलेला योना तीन दिवसांनी जिवंत बाहेर येतो ती, शाळेतल्या पोरांना इतकी पाठ होती, की मोज्याच्या आत हात घातलेला मुलगा वाक्य विसरला तेव्हा पहिलीच्या वर्गाने त्याला एका सुरात सांगितलं, "आता मासा गिळतो!"

आणि काका? पहिल्या दिवशी सात प्रार्थना झाल्या, दुसऱ्या दिवशी आठ. पंधराही वेळा करंट इकडून आला नि तिकडून गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी निघायचं होतं. अंगणात शेवटचा गोल झाला. त्यानंतर सगळ्यांचं जेवण. स्वयंपाकीणबाई पातेल्याशी डाव घेऊन उभ्या होत्या. साठ पोरं ताटं घेऊन रांगेत उभी होती, कारण पाहुण्यांची प्रार्थना संपल्याशिवाय वाढायचं नाही असं मोठ्या बाईंनी बजावलं होतं. कॅप्टनने सुरुवात केली आणि डावीकडे चष्मेवालीचा हात दाबला. काका नेहमीप्रमाणे कॅप्टनच्या उजव्या हाताला, म्हणजे गोलात सगळ्यात शेवटी. त्यांच्यानंतर कॅप्टन आमेन म्हणणार आणि सुटका.

पाच-सहाजणांच्या प्रार्थना झाल्या असतील, एवढ्यात एका छोट्या मुलीने येऊन कॅप्टनचा कुर्ता ओढला. शाळेच्या शिपायाची शेळी बाहुल्यांच्या पेटीत शिरली होती आणि योना तिच्या तोंडात होता. आता गोल तर तुटता कामा नये! कॅप्टनने नियमाप्रमाणे काकांचा हात चष्मेवालीच्या हातात दिला आणि शेळीमागे धूम ठोकली. चष्मेवालीला वाटलं, कॅप्टन हात बदलतेय. बाकीच्यांचे डोळे मिटलेले. गोलात पाहिलं ते एकट्या काकांनी, कारण जन्मभर स्टिअरिंग धरलेला माणूस दोन्ही डोळे एकदम कधी मिटत नाही. कॅप्टन कुंपण ओलांडून, शेत ओलांडून लांब जाताना त्यांना स्वच्छ दिसत होती.

आता झाली का पंचाईत? फिरत फिरत पाळी काकांपर्यंत आली. सवयीने त्यांनी पुढचा हात दाबला, आणि पुढे कॅप्टन नव्हती, चष्मेवाली होती. तिला वाटलं, आज दुसरी फेरी आहे. ती उत्साहाने पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या फेरीत सगळे देश झाले, सगळी सरकारं झाली. तिसऱ्या फेरीत विषय संपत आले, तेव्हा एकाने मामाचा गुडघा घेतला, एकाने राहिलेला गणिताचा पेपर, आणि गिटारवाल्याने निळ्या रंगासाठी देवाचे आभार मानले. रांगेतल्या पोरांच्या पोटात कावळे ओरडत होते. एक अगदी लहान मुलगी ताट डोक्यावर धरून खाली बसली.

हे थांबवायला एकच शब्द पुरे होता आणि तो म्हणू शकणारा, परिस्थिती ठाऊक असलेला माणूसही एकच होता. काकांनी ठरवलं. तिसऱ्यांदा हात दाबला गेला तेव्हा त्यांनी तो पुढे दाबला नाही. घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि आमेनऐवजी बाहेर पडला फक्त एक फाटका, घोगरा हुंदका. गार गाडी सुरू करताना येतो तसला आवाज.

चष्मेवालीचं काळीज विरघळलं. काका रडताहेत! तिने हात दाबला जायची वाटही पाहिली नाही.

"प्रभू, आमच्या काकांकडे बघ. त्यांच्या मुलीचं लग्न आहे आणि त्यांना झोप नाही. लग्नाचं काहीतरी बिनसलंय बापा, तू सांभाळ."

पुढचा म्हणाला, "जे बिनसलंय ते जुळव, आणि त्या मुलाला सद्बुद्धी दे."

त्याच्या पुढचीला सद्बुद्धीवरून सगळं कळलं. "तो जिथे कुठे निघून गेला असेल, तिथून त्याला परत आण."

"आणि तो नाहीच आला," गिटारवाला म्हणाला, "तर त्याला क्षमा करायला काकांना बळ दे. त्याने घेतलेले दागिने त्याच्या मनाला टोचू देत."

काकांचे दोन्ही डोळे आता सताड उघडे होते. एका फेरीत या पोरांनी त्यांचं घर बुडवलं होतं! पण कळस चढवला तो एका गोड गळ्याच्या मुलीने. "प्रभू, तुझी इच्छा असेल तर माझा एक मावसभाऊ आहे. इंजिनिअर आहे, निर्व्यसनी आहे."

"अरे थांबा!" काका ओरडले. "लग्न मोडलेलं नाही! प्रभू, ही पोरं काय सांगतात ते तू ऐकू नकोस!"

डोळे कुणीच उघडले नाहीत, कारण प्रार्थना चालू होती. ती काकांनाही थांबवता येईना.

"लग्न ठरलंय, पुढच्या शनिवारी आहे, तुला माहीतच आहे. मुलगा कुठे पळालेला नाही. दवाखान्यात नर्स आहे. मला इंजेक्शन देताना माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरतो, इतका गरीब आहे. त्याने काही दागिने घेतलेले नाहीत, मुळात दागिने आहेत कुठे? सगळं व्यवस्थित आहे. मीच तेवढा व्यवस्थित नाही. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून बोलायचंय आणि मला बोलता येत नाही. हे तिच्या आईचं काम होतं. तू तिला घेऊन गेलास, तेव्हा एका शब्दाने मला विचारलं नाहीस. मग मीही ठरवलं, आपणही याच्याशी बोलायचं नाही. तीन वर्षं झाली. मला तुझा राग आहे, फार राग आहे. तो असू दे, तो आपण नंतर बघू. ही साठ लेकरं केव्हाची ताटं घेऊन उभी आहेत, आधी त्यांना जेवू दे. आमेन."

"आमेन," रांगेतून साठ आवाज आले, सगळ्यांत मोठ्याने ताटवालीचा. मग एकेक डोळा उघडला. गिटारवाला कानापर्यंत लाल झाला होता. चष्मेवाली खरोखरच रडत होती. तिने विचारलं, "काका, मग दागिन्यांचं कुणी सांगितलं?" आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात कॅप्टन धापा टाकत आली, हातात योनाचे पाय. बाकीचा योना शेळीच्या पोटात गेला होता, आणि पहिलीच्या वर्गाने ताबडतोब जाहीर केलं, की तीन दिवसांनी तो बाहेर येईल.

शनिवारी सकाळी काकांच्या घरात तयारी झाली. खाली मामा गाडी सुरू करून बसला होता. लेक पांढऱ्या पोशाखात दाराशी आली आणि तिने डोकं पुढे केलं. काकांनी हात ठेवला. ते म्हणाले, "प्रभू, ही माझी मुलगी," आणि बोलत सुटले. ती जन्मली त्या दिवशीचं सांगितलं. तिला गोवर झाला होता ते, ती पहिल्यांदा सायकलवरून पडली ते, तिचा हट्ट, तिची बाहुली, तिच्या हातचा करपलेला पहिला स्वयंपाक, सगळं देवाला एकेक करून सांगितलं आणि प्रत्येकाचे आभार मानले. खालून मामाने हॉर्न दिला. दोनदा दिला. शेजारच्या बाई दार उघडून ऐकत उभ्या राहिल्या. वीस मिनिटं झाली. लेकीच्या डोळ्यांतलं काजळ केव्हाच गालावर आलं होतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आता आमेन म्हणा ना. उशीर होतोय, सगळे वाट बघताहेत."

"बघू देत," काका म्हणाले. "तुझ्या आईचं सांगायचं राहिलंय."

तिने खुर्ची ओढली, पोशाख सावरून बसली आणि डोळे मिटले.