सोनगीरचा कावळा आणि माझा अर्धा तास

धुळ्याचं ऊन मला कुणी शिकवू नये. एप्रिलात आम्ही गच्चीवर बिबडे थापायला बसलो की पीठ हातातून कापडावर पोचेपर्यंत अर्धं वाळलेलं असतं. बिबडे म्हणजे आमचे ज्वारीचे पापड. ते एका घरापुरते कधीच होत नाहीत. जळगावची नणंद, नरडाण्याचे चुलत सासरे, शिंदखेड्याची मावशी, सगळ्यांचे डबे रिकामे होऊन आमच्याकडेच येतात. यंदाच्या उन्हाळ्यात तर इतके झाले, की सोनगीरच्या किल्ल्यावर छप्पर घालून वर चार उरले असते.

त्या धांदलीत एकदा आरसा दिसला. नाक भाजलेल्या वांग्यासारखं, आणि टाचेच्या भेगेत पापडाची लाटी आरामात बसेल! मला रोज अर्धा तास हवा होता, निव्वळ माझा. पण आमच्या घरात बसतं ते आजारी माणूस. नुसती टेकले तरी पाच जणी पाच काढे घेऊन येतात.

म्हणून मी एक कावळा तयार केला.

रात्री जेवताना सांगितलं, "एक कावळा येतो, सोनगीरचा. हायवेच्या ट्रकवर बसून येतो. एका डोळ्यानं आंधळा आहे, पण तिखटाचे बिबडे सोडून बरोब्बर तिळाचे उचलतो."

"मग राखायला कोण बसणार?" नवरा म्हणाला.

"बसेन मीच," मी असा काही उसासा टाकला, की त्यानं आपल्या ताटातला आंबा माझ्या ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी पाण्याच्या टाकीची सावली, बादलीत पाय, डोक्याला तेल, तोंडाला मुलतानी माती. आठवड्यात चेहऱ्यावर असं तेज आलं, की शेजारच्या गच्चीवरची सोलरची पाटी सूर्य सोडून माझ्याकडे वळायला लागली.

पण थापेलाही आंबवलेल्या पिठासारखी फुगायची खोड. शनिवारपर्यंत माझा कावळा कापडासकट बिबडे उचलायला लागला. नवऱ्याला माझी दया आली. रविवारी सकाळी बाजारातून भलीमोठी जाळी घेऊन आला. "जेवण झालं की बांधतो. सुटलीस तू!"

सुटले कसली, मेले!

शेवटचा अर्धा तास म्हणून मी वर गेले, माती जरा जाडच थापली. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सासूबाई. त्यांना अख्खी गल्ली अक्का म्हणते, मीही. त्यांनी बादली पाहिली, माझं तोंड पाहिलं.

"तोंडले काय लायं व?"

माती कडक वाळलेली. बोलले तर तडकणार. मी म्हटलं, "हं हं."

"आनि कावया कोठे शे?"

मी मोकळ्या आभाळाकडे बोट दाखवलं.

"या उनमा कावया येई का व? तो बी घर झोपेल व्हई."

मला हसू फुटलं आणि माती फटाफट उडाली. मनात म्हटलं, आता बोलणी खावी लागणार. पण अक्कांनी चपला काढल्या आणि दोन्ही पाय माझ्या बादलीत सोडले. चाळीस उन्हाळे बिबडे थापताना भाजलेले पाय ते. पाण्यात बोटं हलवून पाहिली. मग गाल पुढे केला. "माले बी लाव."

दोन्ही गालांवर लावून झालं, तोच नवरा जाळी खांद्यावर टाकून वर आला. अक्कांनी झर्रकन तोंडावर पदर ओढला. आतून आवाज आला, "जायी नको बांधू. वारा अडकी, बिबडा वायतीन नही."

"पण अक्का, तो कावळा?"

"मी सोता दखा त्याले," अक्का म्हणाल्या. "एक नही, दोन शेतस."

मी थापाडी म्हणून माहेरी प्रसिद्ध आहे. त्या दिवशी गुरू भेटला.

जाळी माळ्यावर गेली. तेव्हापासून राखणीला आम्ही दोघी. राखता राखता अर्धे ओले बिबडे तिळाच्या तेलाशी खातो. शिंदखेड्याच्या मावशीचा डबा यंदा जरा हलका भरला. कावळे फार माजलेत, असं तिला कळवलंय.