आमच्या घरातला त्याचा मतदार

ब्रिटनमधल्या एका पुढाऱ्याने माझ्या नवऱ्याला कधी वश केलं, ते मला कळलंच नाही. शारजाहून दुबईला जाताना गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. तिथल्या देरा भागातल्या ऑफिसात पोचेपर्यंत हे त्याची भाषणं ऐकायचे आणि संध्याकाळी मला त्याचं चरित्र ऐकवायचे. म्हणे कितीदा निवडणूक हरला, लोकांनी टिंगल केली, तरी हटला नाही. आता मोठमोठे पक्ष त्याचीच भाषा बोलतात. भाषा काय, तर बाहेरच्यांनी कामापुरतं यावं, काम संपलं की निघावं, कायमचं राहायचा हक्क कुणाला देऊ नये.

"यात चूक काय?" हे मला विचारायचे. "आपण नाही का तसेच राहिलो?"

उभं आयुष्य आखातात काढलेल्या माणसाला असंच वाटतं. व्हिसा संपत आला की रक्त तपासून घ्यायचं, नवा मिळवायचा, आणि एक दिवस खलास, सामान बांधायचं. आमच्या अल मजाजच्या बिल्डिंगमधून कितीतरी कुटुंबं अशी गेली. निघताना रडली, पण आपल्यावर अन्याय झाला असं कुणी म्हटलं नाही. त्यामुळे तो पुढारी ह्यांना कडवा वाटेचना, शिस्तीचा वाटे.

आमची एकुलती मुलगी त्याच्याच देशात आहे, हे मात्र ह्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. जन्म शारजातला, शाळा शारजातली, आता तिकडे एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. कायम राहायच्या परवानगीकडे डोळे लावून बसलेली.

एका रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर ह्यांनी तिच्यापुढेच त्याचं कौतुक सुरू केलं. मी टेबलाखालून पाय मारला, पण छे!

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, दॅट मॅन इज टॉकिंग अबाउट मी."

"काहीतरीच! तू शिकलेली, टॅक्स भरतेस. तो दुसऱ्यांबद्दल बोलतो."

"माय पेशंट्स से एक्झॅक्टली दॅट." ती त्यांचे आखडलेले गुडघे वाकवून देत असते, आणि ते तिला प्रेमाने सांगतात, तुझ्याबद्दल नाही हं. "अँड इफ दे सेंड मी बॅक, बाबा? बॅक व्हेअर?"

"इथे ये. घर आहे ना आपलं."

घर! ह्याच वर्षी हे रिटायर होणार, व्हिसा गेला की घरही गेलं. सोफा आम्ही शेजाऱ्यांना देऊनही टाकला होता. रत्नागिरीचा फ्लॅट तिला सुट्टीपुरता माहीत. तिघांनाही हे ठाऊक होतं.

मग तिने विचारलं, "इफ यू हॅड अ व्होट हिअर, वुड यू गिव्ह इट टु हिम?"

नुसतं नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण आपण खोटं बोलत नाही, याचा ह्यांना कोण अभिमान!

"दिलं असतं," हे म्हणाले.

तिचा चेहरा उतरला आणि पाठोपाठ स्क्रीन काळी झाली. ह्यांना तेव्हा काही कळलं की नाही, कोण जाणे.

त्या दिवसापासून भाषणं बंद आहेत. ह्यांनी तिला मेसेज केले, तिने एकाचंही उत्तर दिलं नाही. आता ती मलाच फोन करते, तोही व्हिडिओ नको म्हणते, आणि आधी विचारते, "आई, आर यू अलोन?"

हे शेजारीच बसलेले असतात, फोनला कान लावून, श्वाससुद्धा तिला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरून.

"हो गं," मी म्हणते, "एकटीच आहे."