सातच्या बातम्या वैदेही वाचते

लोकल चॅनलची बातमी संध्याकाळी सातला लागते आणि साडेसातला शिळी होते. तिच्या मागं काय घडलं ते मात्र ऑफिसातच साचत जातं. अमरावतीत एका हार्डवेअरच्या दुकानावर आमच्या तीन खोल्या आहेत. फोन घेणं, बातम्या वाचणाऱ्यांना पावडर लावणं, स्क्रीनच्या खालची पट्टी टाइप करणं, ही माझी कामं. बारा वर्षांत पुष्कळ साचलं. पण मैत्रिणी हट्टानं विचारतात ते वैदेहीचंच, म्हणून तेवढं सांगते.

* * *

वैदेही अकोल्याची. जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलाचं नाव ठेवलं. मोठी झाल्यावर तिनं स्वतःचं नाव स्वतः ठेवलं. बी.ए. झालेली, आवाज एकदम भारदस्त.

पहिल्या दिवशी ती फाइल घेऊन दारात उभी राहिली. आमचे संपादक भोयर सर तिला पाहताच ओरडले, "सलीमभाई, लाइट लावा!"

कॅमेरामन सलीमभाईंनी तिच्या साडीला माईकही लावून टाकला. सर समोर बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सांगा, समाजानं तुम्हाला काय काय सोसायला लावलं?"

वैदेहीनं फाइल पुढं केली.

"ते मंग सांगीन सर. आधी बायोडाटा पाहा. बातम्या वाचाले माणूस पाह्यजे, अशी जाहिरात तुमीच देली ना?"

* * *

नोकरी मिळाली. पण कामाला लागायच्या आधी सरांनी मीटिंग बोलावली. विषय एकच, वैदेही कोणत्या टॉयलेटमध्ये जाणार?

तासभर चर्चा चालली. कोणी म्हणे बायकांच्या, कोणी म्हणे नवीन बांधू, कोणी म्हणे खालच्या दुकानदाराला विचारू. वैदेही वहीत सगळं लिहून घेत होती.

शेवटी सलीमभाई म्हणाले, "सर, अपने पास तो एकच टॉयलेट है! बारा साल से सब उसीमें जा रहे!"

मीटिंग संपली. चहा आला.

* * *

माझीही एक चूक सांगते. टीव्हीवर असे लोक नेहमी भडकच दाखवतात, म्हणून मी कामाच्या पहिल्या दिवशी तिला लालभडक लिपस्टिक, कपाळभर टिकली, गालांवर गुलाबी, असं सगळं थापलं. मनापासून केलं हो!

तिनं आरशात पाहिलं.

"ताई, मले बातम्या वाचाच्या हायेत. कोनाची नजर नाई उतरवाची!"

मी ओला रुमाल घेतला आणि पुसलं. तेव्हापासून बाकीच्या मुलींना जेवढी लावते, तेवढीच पावडर तिला.

* * *

सलीमभाईंचा कॅमेरा तिच्या हातांवरच जायचा. बांगड्या, नखं, पुन्हा बांगड्या.

"सलीमभाई, बातमी मी तोंडानं वाचून राह्यली!"

"आदत पड गई, मॅडम. ऐसी स्टोरी में हमेशा ऐसेच निकालते."

* * *

पण बातम्या वाचायच्या त्या दुपारच्या 'विशेष'मध्ये! म्हणजे तृतीयपंथीयांचा विषय असला की वैदेही, नाहीतर नाही. सात वाजताचं बुलेटिन सर देत नव्हते.

"माझी ना नाही गं," सर म्हणायचे. "लोकांचं पाहावं लागते."

"लोकं मले विशेषमध्ये पाह्यतातच की सर. सात वाजता काय त्यांचे डोये बदलतात?"

सर मोबाईल पाहू लागत.

* * *

एकदा अकोल्यात तृतीयपंथीयांसाठी मतदार नोंदणीचं शिबिर झालं. बातमी चांगली होती. पण आमच्या एडिटर प्रवीणनं सवयीप्रमाणं जुनीच क्लिप जोडली. सिग्नलवर टाळ्या वाजवणारी एक जण, आणि मागं रडकं संगीत. असा विषय आला की तीच क्लिप, वर्षानुवर्षं!

वैदेही त्याच्या मागं येऊन उभी राहिली.

"प्रवीण, इले ओयखतं का तू?"

"नाही मॅडम."

"शबनम हे. तीन वर्सं झाले तिले वारून. मेल्यावर तरी सुट्टी देशीन का नाई तिले?"

प्रवीणनं क्लिप डिलीट केली. शिबिराचे खरे फोटो मागवायला मला फोन करावा लागला. संगीतही काढलं.

* * *

मग सातच्या बातम्या वाचणारी मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली. दुसरं कोणी मिळेना.

सर म्हणाले, "वैदेही, एक आठवडा वाच. शोभाताई, तुम्ही तक्रारींचं रजिस्टर ठेवा. शनिवारी ते पाहून ठरवू."

सोमवारी फोन थांबेनात. "ते बाई हे का बुवा?" हाच प्रश्न. मी प्रत्येकाला एकच विचारलं, "बातमीत काय चुकलं ते सांगा, मला तेच लिहायचं आहे." लोक फोन ठेवून देत. एकानं शिव्या दिल्या. त्यातही बातमीची चूक नव्हती, म्हणून लिहिल्या नाहीत. गुरुवारपर्यंत फोन थंडावले. रजिस्टर कोरं.

शुक्रवारी बुलेटिन संपता संपता एक फोन आला. वयस्कर आवाज.

"अकोल्याहून बोलून राह्यलो. मोबाईलवर पाह्यतो तुमचं. तक्रार लिहा."

मी पेन घेतलं.

"ते पोरगी कापसाचे भाव लय घाईनं वाचते. आमाले समजत नाई. हळू वाच म्हना तिले."

"लिहिलं. नाव काय लिहू?"

"नाव राहू द्या," ते म्हणाले. "लहानपनापासून घाईच हे तिले."

फोन बंद झाला. मी शब्द न् शब्द लिहून ठेवला.

शनिवारी सरांनी रजिस्टर उघडलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. वैदेही आरशासमोर केस विंचरत होती. कंगवा तसाच थांबला.

"अकोल्याहून?" तिनं मला विचारलं.

"अकोल्याहून."

सरांनी रजिस्टर मिटलं. "तक्रार आली म्हणजे ती दूर करावी लागेल. वैदेही, सोमवारपासून भाव हळू वाच."

सोमवारी सातच्या बातम्या चार मिनिटं लांबल्या. साड्यांच्या दुकानाची जाहिरात राहून गेली. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, पण सलीमभाईंना कॅमेरा थांबवायची खूण केली नाही. वैदेही एकेका बाजाराचं नाव घेत होती, थांबत होती, भाव सांगत होती, आणि तोच भाव पुन्हा एकदा सांगत होती.