तारोडीचे बोंबील आणि भाऊसाहेबांचे मौन

लातूरच्या खासगी बसने मला सकाळी घोडबंदरला उतरवले, तेव्हा अंगाचे पार मुटकुळे झाले होते. मावसभाऊ मिलिंद स्कूटर घेऊन उभा होता. फोनवर त्याने समुद्र दाखवायचे कबूल केले होते. भेटल्यावर कळले, की समुद्र तारोडी या मच्छीमार गावात मानवी हक्क मेळाव्याच्या मंडपामागे आहे आणि मेळाव्याला माणसे कमी पडतायत.

मिलिंद भाऊसाहेबांचा कार्यकर्ता. भाऊसाहेब इथले बडे पुढारी, देवभक्त आणि मानवी हक्कांचे कैवारी. आतल्या आवाजाला विचारल्याशिवाय ते सहीसुद्धा करत नाहीत म्हणे. तो आवाज आजवर एकदाही त्यांच्या विरोधात गेलेला नाही, हेही मिलिंदने कौतुकाने सांगितले.

वाटेत डोंगरी गावात चहासाठी थांबलो. मिलिंद म्हणाला, "भैया, दो कटिंग." चहावाल्याने मराठीत विचारले, "साखर कमी टाकू का?" मिलिंद म्हणाला, "हां, थोडी कम." दोघांनाही यात काही वावगे वाटले नाही. वडापाव मात्र फक्कड होता.

तारोडीला पोचल्यावर समुद्राआधी दिसली ती वलांडी (मासे वाळवायची बांबूची मांडणी). तिच्यावर बोंबील टांगले होते, दोन-दोनच्या जोड्यांनी, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून. ना दोरा, ना खिळा. मी बघतच राहिलो. एवढ्यात मिलिंदने माझा दंड धरला.

"हे सगळं काढायचंय. स्टेजच्या मागेच आलंय ना! साहेब आधी मौन धरतात, वासाने त्यांचं ध्यान लागत नाही."

वलांडी फिलोमिना मावशींची होती. साठीच्या बाई, कमरेला पदर खोचलेला. त्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "अरं, कालच घातलेत. अजून दोन दिस ऊन पायजे. आज ढिगात टाकले तं उद्याला किडे पडतील. वर्साची बेगमी हाय ती."

"मावशी, तुमच्याच हक्कांसाठी मेळावा आहे," मिलिंद म्हणाला.

मी पाहुणा, आणि पाहुण्याने वाद घालू नये, असे मी स्वतःला समजावले. तासाभरात आम्ही पाच जणांनी वलांडी रिकामी केली. बोंबील ताडपत्रीवर टाकले आणि त्यांच्या एका कडेवर कुणीतरी भोंगा ठेवला.

भाऊसाहेब आले. पांढरेशुभ्र कपडे, चेहऱ्यावर करुणा. माइकवर म्हणाले, "बोलण्याआधी मी माझ्या अंतरात्म्याला विचारतो. तोवर कुणी हलू नका, बोलू नका." आणि डोळे मिटून बसले.

हा नियम कार्यकर्त्यांच्या हाडीमासी मुरलेला. साहेब मौनात असताना ते खोकलासुद्धा गिळतात. फिलोमिना मावशींनी एकदा साहेबांकडे पाहिले, मग शेजारणींना खूण केली आणि सरळ ताडपत्रीकडे निघाल्या. जबड्यात जबडा, जोडी बांबूवर. सात-आठ बायका, भराभर. मिलिंद डोळे वटारत होता, हात हलवत होता, पण तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती. मला तर हसू आवरेना. साहेबांचे मौन लांबले, बहुधा त्यांना डुलकी लागली असावी.

डोळे उघडले तेव्हा त्यांच्या पाठीमागे बोंबलांची भिंत उभी होती आणि समोर मोबाइलचे कॅमेरे. साहेबांनी एक खोल श्वास घेतला. तो जरा महागात पडला. मग डोळे पुसत ते म्हणाले, "माझा अंतरात्मा आत्ताच म्हणाला, ही वलांडी इथून हलता कामा नये!" टाळ्या कडाडल्या. सगळ्यात आधी मिलिंदच्या.

निघताना मावशींना विचारले, "आता टिकतील ना?"

"वरचे टिकतील. भोंग्याखालचे गेले," म्हणत त्यांनी चेंगरलेल्या बोंबलांचे एक पुडके माझ्या हातात कोंबले. "घे, तुज्या साहेबाला तं वास सोसत न्हाय."

परतीच्या बसमध्ये शेजारचा प्रवासी नाक दाबून मागच्या सीटवर गेला. मला राग आला नाही. भाऊसाहेबांची टिंगल करत लातूर गाठायचा माझा बेत होता, पण हाताचा वास जाता जात नव्हता. ते निदान डोळे मिटून बसले होते. मी मावशींचे बोंबील उतरवले ते उघड्या डोळ्यांनी.