तांडेलांनी निवडलेली बोट

आमचे तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, बोट पारखताना डोळे मिटून घेत. बाकीचे रंग बघायचे, शिडं बघायचे. हे तळाची फळी उचलून नाक आत घालायचे. रेवदंड्यात त्यांना कोणी हसत नसे. जे हसले, त्यांच्या बोटी गळत होत्या.

पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. आरमाराला नकोशा झालेल्या तीन लाकडी शिडाच्या बोटी मुंबईच्या गोदीत पडून होत्या. त्यातली एक सरकारी खात्याच्या साहेबांना हवी होती. साहेब मराठीच, पण विज्ञानाचे. त्यांच्याकडे होकायंत्रासारखी एक नाजूक सुई होती. पृथ्वी लोहचुंबकासारखी ओढते म्हणे, ती ओढ भर समुद्रात मोजायची होती. बोटीत लोखंड असलं की सुई भरकटणार. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, पण एवढं मला एकदा सांगताच कळलं.

साहेबांना चकचकीत रंगाची बोट आवडली. तांडेलांनी तिचा तळ हुंगला.

"ही नको. तळातला पानी ताजा हाय."

"ताजं असलेलं चांगलंच की," साहेब म्हणाले.

"ताजा म्हंजी रोज आत येतंय, साहेब."

तिसऱ्या बोटीची फळी उचलली तेव्हा साहेबांनी नाकाला रुमाल लावला. तांडेल खूश. "ही घ्या. वरीस झाला, हिच्यात नवा थेंब शिरला न्हाय."

तिचे खिळे तांब्याचेच होते. कड्या पितळेच्या बसवल्या, नांगर दगडाचा बांधला. राहिली माणसं. आम्हां कोळ्यांच्या कमरेला कोयता असतोच. तांडेलांनी वीस जणांचे कोयते काढून घेतले आणि दिवसभर दोर ओढायला लावले. ज्याचा हात सारखा कमरेला जाई त्याला घरी पाठवलं.

"पांडू, कंबर हाय जागेवर. किती येळा बघशील?"

पांडू गेला. आम्ही बारा जण उरलो.

तांडेलांची तीस वर्षं दुसऱ्यांच्या मचव्यांवर गेली होती. आता लोक त्यांना सरकारी बोटीचे तांडेल म्हणू लागले होते. साहेबांची अट एकच: पंधरा दिवसांत सुई स्थिर झाली तर बोट राहील आणि माणसंही राहतील, नाहीतर बोट मोडीत.

अकरा दिवस सुई ठरेना. साहेबांनी आमचे करदोडे तपासले, ताईत उघडून बघितले. बाराव्या दिवशी सकाळी म्हणाले, "यंत्रच वाईट दिसतंय, आता मोजणं होणार नाही. उद्या बोट मोडीत काढू."

तांडेल उठले आणि साहेबांच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेलो. सुईच्या चौरंगाखाली वाकून त्यांनी काहीतरी उपटलं. घोड्याचा नाल होता, चार खिळ्यांसकट.

"मीच ठोकला. बोटीत सगल्यात मोलाची वस्तू ही सुई," ते म्हणाले. "नजर हिलाच लागनार ना?"

मी म्हटलं, "तांडेल, टाका दर्यात. कोनी बघितला न्हाय."

"आन साहेब यंत्राला नाव ठेवतात त्याचा काय?"

वर जाऊन त्यांनी नाल साहेबांच्या पुढ्यात ठेवला. साहेबांनी तो होडीत घालून किनाऱ्याला धाडला आणि सुई बघितली. दुपारपर्यंत ती ठरली.

"बोट ठेवतो, माणसंही ठेवतो," साहेब म्हणाले. "पण तांडेल, तुम्हाला उतरावं लागेल."

"व्हय," तांडेल म्हणाले. मग माझ्याकडे बोट केलं. "याच्या हाती द्या. हट्टी हाय, पन आयकतो."

मी हट्टी नाही. पण ती वाद घालायची वेळ नव्हती.

पुढे दोन वर्षं आमची बोट चौलपासून हरिहरेश्वरापर्यंत फिरली. रेवदंड्यासमोर आलो की तांडेल होडी वल्हवत यायचे. त्यांच्या होडीत लोखंडी नांगर असायचा, म्हणून चांगले शंभर हात लांब थांबायचे आणि तिथूनच ओरडायचे, "सुई कशी हाय रं?"

"ठरलेली हाय, तांडेल."

"बरा." होडी वळवून परत.

शेवटच्या खेपेला त्यांची होडी आली नाही. किनाऱ्यावरून दुसऱ्याच कोणीतरी येऊन सांगितलं की तांडेल परवा गेले. तो माणूस लोखंडी नांगराची होडी घेऊन थेट बोटीला येऊन भिडला. त्याला शंभर हात लांब थांब म्हणून सांगायचं मला सुचलं नाही. साहेबांनी त्या दिवसाचे आकडे खोडले.